आवाज ठीक

हडपसरच्या कंपनीत प्रज्ञेश ओव्हाळला सगळे ‘कर्नलवाला’ म्हणत, आणि ते ऐकलं की त्याची छाती जराशी फुगायची. न फुगून काय करेल? दिवसभर तो एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या बटणांचे रंग आणि तक्त्यांच्या रांगा दुरुस्त करत बसे. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं आणि कोणी करतही नव्हतं. पण सोमवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तो घरी जे काही करायचा, त्याची गोष्ट वेगळी होती.

जगभरातले हजारो लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम घडवतात आणि ती फुकट वाटून टाकतात. तिचा गाभा म्हणजे कर्नल. पडदा, कळफलक, डिस्क, आवाज, सगळ्यांना कामाला लावणारा तोच. त्याची नवी आवृत्ती पक्की होण्याआधी दर आठवड्याला एक कच्ची आवृत्ती निघते. ज्याला हौस असेल त्यानं ती आपल्या मशीनवर चालवून बघायची आणि काय चाललं, काय बिघडलं ते मेल करून सगळ्यांना कळवायचं, अशी रीत आहे. पगार नाही, साधा चहासुद्धा नाही. मात्र ज्यानं तपासलं त्याचं नाव ‘टेस्टेड-बाय’ म्हणून खाली लागतं, आणि एकदा लागलं की ते कायमचं. प्रज्ञेशचं नाव असं बऱ्याच वेळा लागलं होतं. परदेशातले मोठमोठे लोक त्याला ‘थँक्स, प्रज्ञेश’ असं लिहायचे. ते वाचून तो ऑफिसात गेला की बटणांचे रंग त्याला थोडे सुसह्य वाटायचे.

आता तपासायचं तर मशीन हवं. ऑफिसच्या लॅपटॉपला हात लावायची सोय नव्हती. स्वतःचा लॅपटॉप इतका नवा की त्यावर सगळंच चालायचं, मग कळवणार काय? राहिला आईचा डेस्कटॉप. प्रज्ञेशनंच जुने सुटे भाग जमवून तो उभा केला होता. त्यातली आवाजाची चिप अशी जुनी होती की ती वापरणारे तपासनीस फारसे उरलेच नव्हते. म्हणून त्याच्या मेलला किंमत होती. “आई, तुझ्या मशीनवर अधूनमधून काही टाकून बघत जाईन,” असं त्यानं एकदा विचारलं होतं. “बघ की,” असं ती म्हणाली होती. परवानगी घेतली ती तेवढीच.

कांताबाई ओव्हाळ पाटबंधारे खात्यात मराठी टंकलेखिका होत्या. सगळी नोकरी त्यांनी कळा बडवत काढली आणि साहेबांच्या मसुद्यांतल्या चुका साहेबांना न कळता दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दृष्टी हळूहळू नेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. नवरा त्याआधीच वारला होता. त्या काळात त्या खिडकीशी बसायच्या आणि मांडीवर बोटं हलवायच्या. काय करतेस विचारलं तर “काही नाही, टाईप करतेय” म्हणायच्या. ते बघवेना म्हणून प्रज्ञेशनं तो डेस्कटॉप बांधला आणि त्यात पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. दाबलेली प्रत्येक कळ, लिहिलेली प्रत्येक ओळ, तो आवाज बोलून दाखवायचा. आवाज नाकातून आल्यासारखा, एका सुरातला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कांताबाई पोट धरून हसल्या होत्या. “अगदी आमचे भाऊसाहेब!” त्यांच्या कचेरीत एक भाऊसाहेब होते, ते फाईल अशीच वाचायचे म्हणे. तेव्हापासून त्या आवाजाचं नाव भाऊसाहेब पडलं.

भाऊसाहेबांच्या जोरावर कांताबाई पुन्हा लिहायला लागल्या. बातम्या ऐकायच्या, बहिणीला मेल करायच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याबद्दल अशी खोचक पत्रं लिहायच्या की तो माणूस जिन्यात त्यांची चाहूल लागली तरी लिफ्टनं जायचा. जवळच्या मांजरी गावातल्या बुद्धविहारात सोनाली नावाची एक तरुण कार्यकर्ती अभ्यासिका चालवायची. तिनं हे बघितलं आणि म्हणाली, “काकू, आपल्याकडे अशा किती जणी आहेत, नजर गेली म्हणून घरात बसलेल्या. तुम्ही शिकवाल का?” कांताबाईंनी आधी नाही म्हटलं, मग विचार करते म्हटलं, आणि मग रोज संध्याकाळी त्या वर्गाची तयारी करायला लागल्या. पहिला वर्ग येत्या रविवारी होता. त्यासाठी त्यांनी निळी साडी इस्त्रीलाही दिली होती.

सोमवारी सकाळी कच्ची आवृत्ती आली. कांताबाई खाली सोसायटीच्या बागेत शेजारणीबरोबर फेऱ्या मारायला गेल्या होत्या. प्रज्ञेश त्यांच्या टेबलाशी बसला आणि नेहमीसारखं पहिलं काम त्यानं हे केलं, की भाऊसाहेबांचं तोंड बंद केलं. दर कळेला तो आवाज बडबडला की त्याचं डोकं उठायचं. मग नवं कर्नल बसवलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि यादी बघत गेला. पडदा आला. नेट आलं. डिस्क ठीक. आवाजाच्या चिपचं नाव यादीत दिसत होतं, कुठे लाल अक्षरात तक्रार नव्हती. बस पकडायची होती. त्यानं ‘आवाज ठीक’ असं लिहिलं, खाली आपलं नाव लावलं, मेल पाठवली, वाचणारा प्रोग्रॅम पुन्हा चालू करून ठेवला आणि निघाला. भाऊसाहेब बोलतात की नाही हे ऐकायला तो थांबला नाही. ऐकायला किती वेळ लागला असता? चपला घालायला लागला त्याहून कमीच.

त्या आठवड्यात घरात काही वेगळं आहे असं त्याला जाणवलं नाही, असं म्हणता येणार नाही. जाणवलं होतं. घर जरा शांत वाटत होतं. पण शांतता कोणाला खटकते? संध्याकाळी तो यायचा तेव्हा आई टेबलाशी पाठमोरी बसलेली असायची आणि कळा वाजत असायच्या. “चाललंय का?” तो विचारायचा. “चाललंय,” ती म्हणायची. तो हातपाय धुवायला जायचा. जेवताना ती कमी बोलायची, आणि तो फोनवर परदेशातल्या मेल वाचत बसायचा.

गुरुवारी दुपारी सोनालीचा फोन आला.

“जय भीम दादा. कामात आहात का? काकू रविवारी येत नाही म्हणाल्या, म्हणून फोन केला.”

“येत नाही? मला तर काही बोलली नाही.”

“मलाही कारण नाही सांगितलं. वय झालं म्हणाल्या. म्हणाल्या, मला आता लक्षात राहत नाही, बायकांना काय शिकवू. दादा, रडत होत्या हो त्या.”

प्रज्ञेशला ते खरंच वाटेना. आई रडते? वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांच्या चहाचं आधण तिनंच टाकलं होतं.

त्या दिवशी तो लवकर घरी आला. कांताबाई स्वयंपाकघरात होत्या. मशीन चालू होतं, पडदा उजळलेला होता. तो खुर्चीत बसला आणि एक कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. आवाज पूर्ण वर नेला, स्पीकरची वायर काढून घातली, स्वतःचे इयरफोन लावून बघितले. मशीन ठार मुकं होतं. यादीत मात्र चिपचं नाव तस्संच होतं, तक्रार कुठेही नव्हती. सोमवारपासून हे असं आहे. संध्याकाळी रोज ज्या कळा वाजत होत्या त्या मुक्या मशीनवर वाजत होत्या. आई त्याला कळू नये म्हणून नुसती बोटं चालवत होती, पूर्वी खिडकीशी बसून मांडीवर चालवायची तशीच.

त्यानं मशीन बंद केलं आणि जुनं कर्नल निवडून पुन्हा सुरू केलं. आवाज पूर्ण वर असल्याचं तो विसरला होता. भाऊसाहेब असे गरजले की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. कांताबाई भिंतीला हात लावत लगबगीनं बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

“बोलले! अरे, बोलले की!” त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मग तो उतरला. “काय झालं होतं रे? माझ्याच हातून काही दाबलं गेलं ना?”

आता हा प्रश्न त्यांना सुचला कुठून? तर प्रज्ञेशकडूनच. मशीनचं काहीही झालं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “आई, तू काहीतरी दाबलं असशील.” एकदा अख्ख्या सोसायटीची वीज गेली होती, तेव्हाही तो ऑफिसातून फोनवर हेच म्हणाला होता. इतक्या वेळा ऐकल्यावर कोणाचाही विश्वास बसेल, तसा त्यांचाही बसला होता.

सांगायची वेळ हीच होती. शब्दही अवघड नव्हते. मी सोमवारी नवीन टाकलं, त्यानं आवाज गेला, मी बघितलं नाही. झालं. पण त्याच वेळी त्याला ती पाठवलेली मेल डोळ्यांसमोर दिसली, खालचं आपलं नाव दिसलं, आणि त्याची जीभ रेटेना.

“असेल गं,” तो म्हणाला. “होतं असं कधीकधी.”

कांताबाईंनी मान हलवली. “तरीच,” त्या म्हणाल्या आणि पिठाचे हात पदराला पुसले, जे त्या कधी करत नसत.

“आता सुरू झालंय ना. मग रविवारी जा की.”

“नको बाबा. तिथं सगळ्या बायकांसमोर पुन्हा माझ्याकडून बिघडलं तर? आपलं आपल्याला येत नाही आणि चालल्या दुसऱ्यांना शिकवायला, असं व्हायचं. सोनालीला सांगितलंय मी.”

त्या आत गेल्या आणि पोळपाटाचा आवाज सुरू झाला. प्रज्ञेश तिथंच बसून राहिला. मशीन दुरुस्त करायला त्याला चहाच्या कपाएवढाही वेळ लागला नव्हता, आणि तरी काहीच दुरुस्त झालं नव्हतं. आपण आपली चूक आईवर ढकलली, आणि तेही ती स्वतःहून मान खाली घालून उभी असताना, हे त्याला स्वच्छ कळत होतं. जेवताना तिनं त्याला पोळीवर तूप जास्त वाढलं. मशीन नीट केलंस म्हणून. ती पोळी त्याला गिळवेना.

शुक्रवारी ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरचा दत्तप्रसाद त्याच्या खांद्यावरून वाकला. “ए कर्नलवाल्या, तुझं नाव चाललंय बघ तिकडे. तू तर ऑथॉरिटी झालास भाई!”

मेलच्या गटात खरंच त्याचं नाव चाललं होतं. लांबच्या कुठल्याशा देशातल्या एका माणसानं बुधवारी लिहिलं होतं, की त्याच जुन्या चिपवर नव्या आवृत्तीत त्याच्याकडे आवाज येत नाही. त्यावर आवाजाचं काम बघणाऱ्या मुख्य माणसानं सौम्यपणे उत्तर दिलं होतं: प्रज्ञेशनं हीच चिप तपासली आहे, त्याच्याकडे आवाज ठीक आहे. तुमच्याच सेटिंगमध्ये काहीतरी गडबड झाली असेल, पुन्हा बघा. आणि त्या बिचाऱ्यानं पुन्हा बघितलं होतं. सगळी सिस्टिम पुसून पहिल्यापासून टाकली होती. तरी आवाज नाही तो नाहीच. त्याची शेवटची ओळ अशी होती, की बहुतेक माझीच चूक आहे, तुमचा वेळ घेतला, माफ करा.

आधी आई, आता हा. प्रज्ञेशच्या दोन शब्दांच्या भरवशावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस स्वतःला दोष देत बसला होता, आणि इकडे दत्तप्रसाद पाठ थोपटत होता.

“माझ्याकडेही आवाज येत नाही,” प्रज्ञेश म्हणाला.

“मग? ठीक लिहिलंयस की तू.”

“ऐकलाच नव्हता मी.”

दत्तप्रसादनं त्याच्याकडे बघितलं. तो सदाशिव पेठेतला, शब्द वाया घालवणारा नव्हे. “छान,” तो म्हणाला. मग म्हणाला, “एक कर. नवीन बग सापडला म्हणून कळव. जुनी मेल कोण उकरतंय? नाव पण राहील तुझं. वर बग शोधला म्हणून क्रेडिट.”

सुचवलेलं काही वाईट नव्हतं. असं करणारे खूप असतात आणि त्यांचं काही अडत नाही. प्रज्ञेशनं तसं लिहायला सुरुवातही केली. चार ओळी झाल्या. मग त्याला पिठाचे हात पदराला पुसणारी आई आठवली आणि त्यानं ते सगळं खोडलं. नवीन मेलमध्ये त्यानं लिहिलं, की मी आवाज ऐकून बघितला नव्हता. चिपचं नाव यादीत दिसलं म्हणून ठीक लिहिलं. माझं ‘टेस्टेड-बाय’ काढून टाका. ज्यांनी तक्रार केली त्यांचं बरोबर आहे, त्यांची काहीही चूक नाही, आणि त्यांना जो त्रास झाला तो माझ्यामुळे झाला. मग पाठवायचं बटण दाबलं. ही मेल आता कोणीही, कधीही, कितीही वर्षांनी वाचू शकणार होतं.

मुख्य माणसाचं उत्तर एका ओळीचं आलं: पुढच्या वेळी ऐका. त्या लांबच्या माणसाचं जरा मोठं होतं. त्यानं रागावायला हवं होतं, पण त्यानं आभार मानले होते. मला वाटलं होतं मलाच वेड लागलंय, असं लिहिलं होतं त्यानं. प्रज्ञेशनं ते वाचलं आणि उठून पाणी प्यायला गेला. परक्या माणसाला लिहून टाकणं जमलं होतं. घरी बोलायचं होतं ते अजून बाकीच होतं, आणि त्या संध्याकाळी तो घरी जाऊनही बोलला नाही. आई बातम्या ऐकत होती. तिला मध्येच कशाला थांबवा, असं कारण त्यानं स्वतःला दिलं. भित्र्या माणसाला कारणांची कमी पडत नाही.

शनिवारी सकाळी कांताबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. बोटांनी पान चाचपायचं, खुडायचं, देठ बाजूला टाकायचा. प्रज्ञेश समोर येऊन जमिनीवर बसला आणि तोही मेथी निवडायला लागला. एरवी तो असलं काही करत नसे, त्यामुळे कांताबाईंनी ओळखलं.

“काय झालं?”

“आई, तू काही दाबलं नव्हतंस.”

त्यांची बोटं चालूच होती.

“सोमवारी मी नवीन कर्नल टाकलं होतं. त्यानं आवाज गेला. मी भाऊसाहेबांना आधी गप्प केलं होतं, मला ते कटकट वाटतात म्हणून. नंतर बोलतात की नाही ते बघितलंच नाही. आणि सगळ्यांना कळवून मोकळा झालो, की आवाज ठीक आहे.”

“सोमवारी.”

“हो.”

“म्हणजे चार दिवस मी जे बसले होते…” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. एक जुडी संपली, त्यांनी दुसरी ओढून घेतली. “आणि परवा मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग ‘असेल’ का म्हणालास?”

“लाज वाटली.”

“आणि मला नाही वाटली?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “चार दिवस मला वाटलं, डोळे गेले, आता डोकं चाललं. सकाळी उठून मी पाढे म्हणून बघत होते रे, येतात का म्हणून. तुझ्या बाबांचं पूर्ण नाव मनात टाईप करून बघत होते. तुला कळलं तर तू मशीन काढून घेशील, या भीतीनं खोटं खोटं टाईप करत बसले. आणि तू दारातून विचारायचास, चाललंय का!”

प्रज्ञेशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही याचीही त्याला लाजच वाटली.

“मशीन वापरतं कोण?” कांताबाईंनी विचारलं.

“तू.”

“मग चालतंय की नाही हे कोणाला विचारायचं? त्या परदेशातल्या लोकांना?” त्यांनी निवडलेल्या मेथीवरून हात फिरवला. त्याच्या बाजूनं आलेल्या पानांत देठ राहिले होते. ते त्यांनी एकेक करून बाहेर काढले. “हेसुद्धा धड नाही. ऊठ. सोनालीला फोन लाव. उद्या येते म्हणावं. आणि मशीन तूच उचलून न्यायचंस.”

रविवारी निळी साडी नेसून कांताबाई रिक्षात बसल्या आणि मांडीवर कळफलक घेऊन मांजरीपर्यंत ताठ बसून राहिल्या. बाकीचं सगळं प्रज्ञेशच्या मांडीवर आणि पायांत होतं. विहाराच्या अभ्यासिकेत सोनालीनं सतरंजी घातली होती. नजर गेलेल्या, नाहीतर ती नावालाच उरलेल्या सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रज्ञेशनं मशीन लावलं. भाऊसाहेब बोलतात का ते कान देऊन ऐकलं, आणि मग आईलाही ऐकवलं.

“मी बाहेर थांबतो,” तो म्हणाला.

“थांब,” त्या म्हणाल्या.

तो बाहेर गेला, पण ऊन मी म्हणत होतं आणि सावली कुठेच नव्हती. थोड्या वेळानं तो चपला हातात घेऊन गुपचूप आत आला आणि दाराशी बसला. सोनाली मागच्या खोलीत चहाचं बघत होती. त्याला बघणारं तिथं कोणीच नव्हतं.

कांताबाईंनी कळफलकावर हात ठेवले होते. “सगळ्यात आधी एक सांगते,” त्या म्हणत होत्या. “हे यंत्र बोलतं, तसं कधीतरी गप्पही होतं. गप्प झालं की आपल्या मनात पहिलं काय येतं? माझंच चुकलं. मला दिसत नाही, मला येत नाही, मीच काहीतरी दाबलं. तसं लगेच मानायचं नाही. आधी चौकशी करायची, घरात कोणी जास्त शहाणं आहे का.”

बायका हसल्या. कांताबाईंनी मग सगळी हकिगत सांगितली. प्रज्ञेशचं कर्नल, त्याची जगभर गेलेली मेल, भाऊसाहेबांचं बंद केलेलं तोंड, आपलं चार दिवसांचं खोटं टायपिंग, पाढेसुद्धा. तिखटमीठ लावलं नाही, पण काही वगळलंही नाही. ‘असेल गं’ हे तर त्यांनी अगदी त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं. त्यावर सगळ्याजणी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. प्रज्ञेश भिंतीला पाठ लावून बसला होता.

हसणं ओसरल्यावर भिंतीशी बसलेल्या बायडाबाई बोलल्या. त्या मांजरीच्याच, वयानं सगळ्यांत मोठ्या. “आन् मग त्यो पोरगा कुठं हाय आता?”

कांताबाईंच्या मते तो बाहेर उन्हात होता. उत्तर येईल म्हणून बायकांनी चेहरे इकडेतिकडे वळवले, त्यातले दोन-तीन थेट त्याच्याकडे वळले, पण त्यांतल्या कोणालाही तो दिसणार नव्हता. श्वास रोखून बसला असता तर कोणाला कधीच कळलं नसतं. चपला त्याच्या हातातच होत्या, दार पाठीशीच होतं. प्रज्ञेशनं चपला खाली ठेवल्या.

“इथंच आहे,” तो म्हणाला. “दाराशी.”

कांताबाईंची मान आवाजाच्या दिशेनं वळली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. मग त्यांनी कळफलक मांडीवर सरळ केला आणि कचेरीत साहेबांना मसुदा परत करताना जो सूर लावत असतील, त्या सुरात त्या म्हणाल्या,

“जरा मोठ्यानं. इकडे पुढं ऐकू आलं नाही.”

प्रज्ञेश उभा राहिला आणि त्यानं ते पुन्हा मोठ्यानं सांगितलं.